हरकतींचे साठ दिवस

अमेरिकेत डॉक्टर मेडिकेअर या सरकारी आरोग्यविमा योजनेकडे कागदी बिल पाठवतात तो '१५०० क्रमांकाचा' फॉर्म लाल शाईत छापलेला असतो. स्कॅनिंग यंत्राने लाल रेघा वगळून फक्त काळ्या शाईतला मजकूर वाचावा, एवढ्यासाठी. या फॉर्ममध्ये ३३ रकाने आहेत, आणि त्यांच्या खाली उजव्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत ०९३८-११९७ असा आकडा असतो. सरकारी आरोग्यविम्याच्या बहुतेक फॉर्मवर ०९३८ ने सुरू होणारा असा क्रमांक सापडतो. ही माहिती मागण्याआधी लोकांच्या हरकती व सूचना मागवल्या आणि अध्यक्षांच्या अर्थसंकल्प कार्यालयाने मंजुरी दिली, याची ती खूण. मंजुरी फार तर तीन वर्षांची. मुदत संपली की पुन्हा पहिल्यापासून.

या पद्धतीचे मूळ आरोग्यविम्यात नाही. दुसऱ्या महायुद्धात सरकारी खात्यांच्या प्रश्नावल्यांनी छोटे कारखानदार आणि दुकानदार बेजार झाले होते. म्हणून १९४२ च्या कायद्याने बंधन घातले, की दहा किंवा अधिक जणांना तेच ते प्रश्न विचारायचे तर आधी अर्थसंकल्प ब्युरोची, म्हणजे त्याच अर्थसंकल्प कार्यालयाच्या जुन्या रूपाची, संमती हवी. हा सगळा कारभार मात्र कचेरीतल्या कचेरीत चाले. १९४६ च्या प्रशासकीय कार्यपद्धती कायद्याने नियमांच्या मसुद्यावर लोकांचे म्हणणे ऐकण्याची प्रथा पक्की केली खरी, पण फॉर्म म्हणजे नियम नव्हे.

मेडिकेअर आली आणि कागद वाढला. ३० जुलै १९६५ रोजी अध्यक्ष जॉन्सन यांनी मिसूरीतल्या इंडिपेंडन्स गावी मेडिकेअरच्या कायद्यावर सही केली; पहिले कार्ड माजी अध्यक्ष ट्रुमन यांना मिळाले. वर्षभराने योजना सुरू झाली तेव्हा सुमारे १ कोटी ९० लाख वृद्ध तिच्यात होते. प्रत्येकाचा आजार, उपचार, बिल आता कुठल्या ना कुठल्या सरकारी रकान्यात जाणार होते.

सत्तरच्या दशकात संसद सदस्य फ्रँक हॉर्टन यांच्या अध्यक्षतेखाली कागदपत्रांविषयी एक आयोगच नेमला गेला. सरकारी कागदपत्रांपायी देशाचे वर्षाला १०० अब्ज डॉलर जातात, असा त्याचा अंदाज होता. त्यातून १९८० चा कागदपत्र-कपात कायदा आला. वैध क्रमांक नसलेला फॉर्म भरला नाही म्हणून कोणाला दंड करता येणार नाही, हे त्याचे खरे दात. १९९५ च्या सुधारणेने हरकतींची मुदत ठरली: आधी खात्याकडे ६० दिवस, मग अर्थसंकल्प कार्यालयाकडे निदान ३० दिवस. दोन्ही सूचना राजपत्रात.

राजपत्रातल्या या सूचना मुख्यतः वेळ मोजतात: किती जण फॉर्म भरतील, एकाला किती मिनिटे लागतील, वर्षाचे तास किती. म्हणून हरकतीही बहुधा रुग्णालये, दवाखाने आणि बिले करणाऱ्या संस्थांच्या येतात, कारण तासांचे गणित त्यांनाच मांडता येते. ज्याची माहिती घेतली जाते तो रुग्ण या हिशेबात क्वचितच बोलतो. ही उणीव कायद्याच्या जन्मापासूनची आहे. तो कामाचा बोजा मोजायला जन्मला, खासगीपण जपायला नव्हे.

१९९९ मध्ये ही उणीव उघडी पडली. घरी जाऊन शुश्रूषा करणाऱ्या संस्थांनी प्रत्येक रुग्णाची 'ओएसिस' नावाची तपासणी-यादी भरावी, असे सरकारने ठरवले. कोलोराडो विद्यापीठात पीटर शॉनेसी यांच्या गटाने तयार केलेल्या या यादीत, रुग्णाला एकट्याने अंघोळ करता येते का इथपासून मन उदास असते का, पैशाची चणचण आहे का, इथपर्यंतचे प्रश्न होते. उत्तरे रुग्णाच्या ओळखीसकट सरकारकडे जाणार होती. विमा खासगी असला तरी सुटका नव्हती. हे कळल्यावर गहजब झाला. एप्रिलमध्ये सुरू व्हायचे काम लांबले आणि जुलैत सुरू झाले तेव्हा पैशाच्या अडचणीविषयीचे उत्तर सरकारकडे पाठवण्यातून वगळले होते. इथे मुख्य मुद्दा मिनिटांच्या हिशेबाचा नव्हता. नर्सने घरात बसून विचारलेली गोष्ट सरकारच्या संगणकात का जावी, हा प्रश्न होता.

डिसेंबर २००३ च्या मेडिकेअर कायद्याने खासगी विम्याच्या रुग्णांची ही यादी भरण्याची सक्ती स्थगित केली. स्थगिती वीस वर्षांहून अधिक टिकली. मग ती नव्या नियमाने उठवली गेली, आणि १ जुलै २०२५ पासून पैसे कोणीही भरत असो, सर्व रुग्णांची यादी पुन्हा सक्तीची झाली.