पंचेचाळिसावा अध्याय

मराठवाड्यातल्या एखाद्या अखंड हरिनाम सप्ताहाची पत्रिका नीट वाचलीत, तर कीर्तनकारांच्या नावांच्या आसपास दोन शब्द सापडतात : वाचक आणि सूचक. भावार्थ रामायणाची पोथी लागते तेव्हा वाचक ओवी म्हणतो आणि सूचक तिचा अर्थ सांगतो. अर्थ सांगताना तो नुसतं भाषांतर करत नाही. लंकेकडे निघालेल्या वानरांच्या गडबडीत तो आठवडी बाजाराची गडबड आणतो, भरताच्या दुःखात भावकीतलं वाटणीचं भांडण आणतो. पोथी तीच राहते, पण दर वर्षी ती थोडी नवी होते.

धाराशिव जिल्ह्यातलं आमचं सास्तूर बाहेरच्यांना माहीत आहे ते ३० सप्टेंबर १९९३च्या भूकंपामुळे. माझा जन्म त्यानंतरचा. आमच्या लोहारा-उमरगा पट्ट्यात वाढलेल्या माणसाला सूचक हा प्रकार वेगळा समजावून सांगावा लागत नाही. मी शिकलो इंजिनिअरिंग, काम करतो सॉफ्टवेअरमध्ये. तिथे ‘फॅन फिक्शन’ हा शब्द पहिल्यांदा ऐकला, तेव्हा सहकारी समजावून सांगत होते : दुसऱ्यानं निर्माण केलेली पात्रं घ्यायची, त्यांच्या नव्या गोष्टी लिहायच्या, पैसे न घेता वाचायला द्यायच्या. मला वाटलं, हे तर आपल्याकडे माईक लावून चालतं.

पण हे साम्य एवढ्यावर संपत नाही. भावार्थ रामायण या ग्रंथाचा स्वतःचा इतिहासच एका चाहत्यानं पूर्ण केलेल्या गोष्टीचा आहे.

पैठणच्या एकनाथांनी हे रामायण लिहायला घेतलं ते आयुष्याच्या उत्तरार्धात. मूळ कथा वाल्मीकींची, मांडणी आणि भाषा नाथांची. म्हणजे नाथही इथे दुसऱ्याचीच पात्रं घेऊन बसले होते. १५९९ साली नाथ गेले, तेव्हा ग्रंथ अपुरा होता. परंपरा असं सांगते की युद्धकांडाचे चव्वेचाळीस अध्याय नाथांचे आणि पुढचं काम गावबा नावाच्या त्यांच्या शिष्याचं. जरा कल्पना करा. लढाई ऐन रंगात आहे, रावण अजून मेलेला नाही, आणि लेखक गेला.

गावबाची आख्यायिकाही मजेशीर आहे. हा पोरगा पुरणपोळीच्या ओढीनं नाथांच्या घरी राहिला म्हणतात. त्याला शिकवू गेलं तर ‘एकनाथ’ या नावापलीकडे दुसरं काही म्हणायला तयार नसे. पुढचा ग्रंथ हाच पुरा करील, असं नाथांनी सांगितलं तेव्हा लोकांना नवल वाटलं. आख्यायिकेतलं खरंखोटं बाजूला ठेवू. तिनं वारस म्हणून कुणाला निवडलं ते पाहण्यासारखं आहे : कुणी मोठा पंडित नाही, तर ज्याला त्या माणसाचं वेड होतं तो. आज पोथी ऐकताना मध्येच थांबून कुणी सांगत नाही की नाथांचा हात इथे सुटला आणि गावबाचा सुरू झाला. पंचेचाळिसावा अध्याय चव्वेचाळिसाव्यानंतर येतो, इतकंच.

आता याची दुसरी बाजू बघा. याच एकनाथांनी शके १५०६मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत तयार केली. ज्ञानेश्वरीला तेव्हा तीनशे वर्षं होत आली होती. प्रती हातानं उतरवल्या जात, त्यामुळे पाठ बिघडले होते. नाथांनी प्रती ताडून पाहिल्या, पाठ शुद्ध केला आणि शेवटी एक सक्त ताकीद दिली. या ग्रंथात कुणी स्वतःची ओवी घुसडली, तर ते अमृताच्या ताटात नारळाची करवंटी ठेवण्यासारखं होईल, असा तिचा आशय.

एकाच माणसाच्या या दोन भूमिका परस्परविरोधी वाटतात, पण तशा त्या नाहीत. आमच्या धंद्याच्या भाषेत सांगायचं, तर मूळ कोड फक्त वाचण्यासाठी आहे, त्यात परस्पर बदल करू नका. पण त्याची वेगळी फांदी काढा आणि तिच्यावर हवं ते बांधा. ज्ञानदेवांचं म्हणून जे आहे ते ज्ञानदेवांचंच राहू द्या. पुन्हा सांगायचं असेल तर आपल्या नावानं, आपल्या ग्रंथात सांगा. नाथांनी मनाई केली ती दुसऱ्याच्या तोंडी आपले शब्द घालण्याला. गोष्ट पुढे नेण्याला त्यांनी कधीच ना म्हटलं नाही.

ही फांद्यांची परंपरा टीव्हीपर्यंत पोचली. २५ जानेवारी १९८७ रोजी दूरदर्शनवर रामानंद सागरांचं ‘रामायण’ सुरू झालं. त्याच्या श्रेयनामावलीत वाल्मीकी आणि तुलसीदास यांच्याबरोबर तमिळमधलं कंबनांचं, बंगालीतलं कृत्तिवासांचं आणि मराठीतलं भावार्थ रामायण यांचीही नावं होती. देशभर गाजलेल्या मालिकेनं उघडपणे सांगितलं की ही गोष्ट आम्ही अनेकांकडून घेतली आहे. मालिका १९८८च्या जुलैअखेर राज्याभिषेकापाशी थांबली, तेव्हा प्रेक्षकांनी ती थांबू दिली नाही. वाल्मीकी समाजातल्या सफाई कामगारांनी जालंधरपासून संप सुरू केला. लव-कुशांची, म्हणजे प्रत्यक्ष वाल्मीकी ज्यात पात्र म्हणून येतात ती कथा दाखवा, अशी त्यांची मागणी होती. त्याच वर्षाच्या अखेरीस ‘उत्तर रामायण’ पडद्यावर आलं. ऐकणाऱ्यांनी सांगणाऱ्याला पुढचा अध्याय लिहायला लावला.

रामायणाच्या बाबतीत हे सोपं होतं, कारण रामायणाचा मालक कुणी नाही. पण पात्र एखाद्या कंपनीचं असेल तर? तर त्या पात्राला जन्म देणारा लेखकही नोकरी संपताच त्याच्यासाठी परका होतो. या प्रश्नाचं सगळ्यात स्पष्ट उदाहरण मला अमेरिकेत सापडलं.

डोरोथी कॅथरीन फोंटाना ही ‘स्टार ट्रेक’ या अंतराळमालिकेची लेखिका. जन्म १९३९चा. बाई आहे म्हणून आधीच मत बनवलं जाऊ नये, यासाठी ती ‘डी. सी. फोंटाना’ असं लिहायची. विशीतच ती मालिकेची कथा-संपादक झाली. मालिकेतल्या स्पॉक या पात्राचे आईवडील पडद्यावर पहिल्यांदा दिसले ते तिनं लिहिलेल्या १९६७च्या भागात. त्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये दोन चाहत्या मुलींनी ‘स्पॉकानालिया’ नावाचा अंक काढला. त्यात चाहत्यांच्या कथा, कविता, लेख होते. आज आपण ज्याला फॅन फिक्शन म्हणतो, त्याचा आधुनिक इतिहास सांगताना बहुतेक लोक या अंकाचं नाव घेतात. लेखिका एका बाजूला स्पॉकचं घर उभारत होती आणि दुसऱ्या बाजूला वाचक त्या घरात नव्या खोल्या बांधत होते.

मालिका १९६९ साली बंद पडली. त्यानंतर जवळजवळ साडेतीन दशकांनी न्यूयॉर्क राज्यातल्या एका लहान गावात जेम्स कॉली नावाच्या चाहत्यानं यानाचा सेट जसाच्या तसा उभारला. जमेल त्या मित्रांना घेऊन तो मूळ मालिकेचे नवे भाग काढू लागला आणि इंटरनेटवर फुकट देऊ लागला. त्यातल्या एका भागाची पटकथा २००६ साली फोंटाना यांनी लिहिली. तेव्हा त्या सदुसष्ट वर्षांच्या होत्या. वॉल्टर कोनिग हा मूळ नट सत्तरीच्या उंबरठ्यावर पुन्हा चेकॉव्हच्या भूमिकेत उभा राहिला. जुन्या मालिकेच्या एका भागात अकाली म्हातारपण आणणाऱ्या आजारातून एकटा चेकॉव्ह वाचला होता. फोंटाना यांनी नेमका तो धागा उचलला : तो आजार आता त्याला गाठतो आणि तो झपाट्यानं म्हातारा होतो. चाळीस वर्षांपूर्वीच्या गोष्टीतली मोकळी राहिलेली जागा आणि नटाचं खरं वय, दोन्ही एकाच कथेत आली. ते पात्र कायद्यानं त्यांचं नव्हतं. ते कसं वागेल हे मात्र त्यांना मालकांपेक्षा जास्त ठाऊक होतं.

मोठी लेखिका हौशी लोकांत आली, ही उतरण होती का? मला तसं वाटत नाही. कंपनीच्या दारातून त्या गोष्टीत परत शिरायचं, तर कुणीतरी बोलवावं लागतं. चाहत्यांच्या दारातून शिरायला गोष्टीवरचं प्रेम पुरतं. गावबाला याच दारानं प्रवेश मिळाला होता.

पुढे हे दार बंद झालं. एका मोठ्या चाहता-चित्रपटावरून खटला उभा राहिला आणि जून २०१६मध्ये मालक कंपन्यांनी चाहत्यांसाठी नियमावली जाहीर केली. एका भागाची लांबी पंधरा मिनिटं, गोष्ट फार तर दोन भागांची. आणि एक अट अशी, की भाग घेणारे सगळे हौशी असावेत. ‘स्टार ट्रेक’च्या कोणत्याही मालिकेत पूर्वी काम केलेलं कुणीही त्यात नको. म्हणजे जिनं स्पॉकचे आईवडील पडद्यावर आणले, नेमकी तिलाच चाहत्यांसाठी त्यांच्याबद्दल लिहिण्याची मनाई. फोंटाना २०१९ साली वारल्या.

कंपनीची बाजूही समजून घ्यायला हवी. जुने व्यावसायिक लोक, जमवलेला मोठा पैसा आणि तयार पात्रं एकत्र आली, तर हौस आणि धंदा यांत फरक करणं अवघड जातं. नाथांच्या ताकदीमागेही मूळ जपण्याचीच काळजी होती. पण नाथांचा नियम शब्दांना होता, माणसांना नव्हता. काय बदलायचं नाही ते त्यांनी सांगितलं. कुणी लिहायचं नाही ते सांगितलं नाही.

आपल्याकडे कायदा काय म्हणतो? १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार साहित्यकृतीचा हक्क लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूनंतर साठ वर्षं राहतो. लेखकानं हक्क दुसऱ्याला दिला, तरी ‘हे मी लिहिलं’ असं सांगण्याचा आणि आपली बदनामी होईल अशी मोडतोड रोखण्याचा अधिकार त्याच्याकडे उरतो. पुढची गोष्ट लिहिण्याचा अधिकार मात्र आपोआप उरत नाही. जी रोजची मालिका तुमच्या घरातले सगळे जेवताना बघतात, तिच्या लेखकाला आपल्याच नायिकेचं पुढे काय झालं हे मालिका संपल्यावर परवानगीशिवाय छापता येईलच असं नाही. ते करारात काय लिहिलंय त्यावर ठरतं.

पण काही दारं वेळेनं उघडतात. चि. वि. जोशी १९६३ साली गेले. साठ वर्षांचा हिशेब पुढच्या वर्षापासून धरतात, तेव्हा त्यांच्या हयातीत छापलेलं लेखन १ जानेवारी २०२४पासून सगळ्यांसाठी खुलं झालं आहे. म्हणजे चिमणराव आणि गुंड्याभाऊ आता तुमचेही आहेत. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस मुंबई दूरदर्शननं त्यांना पडद्यावर आणलं होतं, दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांच्या रूपात. ती मालिका आणि तिच्या पटकथा वेगळ्या, त्यांचे हक्क वेगळे. पुस्तकातला चिमणराव मात्र मोकळा आहे. त्याला ईएमआय भरायला लावा, पुण्याच्या मेट्रोत गुंड्याभाऊबरोबर चढवा, सास्तूरला सोयाबीनचा भाव विचारायला पाठवा. नियम एकच, नाथांचाच : चि. विं.चं ते चि. विं.चं, आणि तुमचं ते तुमच्या नावावर.

मराठी टीव्हीसाठी वर्षानुवर्षं लिहून आता घरी बसलेली माणसं आपल्या आजूबाजूला आहेत. रोज एक भाग पुरा करण्याची सवय, संवाद कुठे तोडायचा याचा कान, पात्र कधी गप्प बसेल याची जाण, हे सगळं त्यांच्याकडे आहे. मोबाईलवर रात्री गोष्टी लिहिणाऱ्या विशीतल्या पोरांकडे वेड आहे, वेळ आहे आणि पुढे काय झालं हे जाणून घ्यायची घाई आहे. या दोघांना एका पोथीभोवती बसवलं, तर वाचक कोण आणि सूचक कोण हे दर अध्यायाला बदलेल. ज्येष्ठांना पदर पसरून यावं लागणार नाही, आणि लहानांना त्यांच्या नावाला दबून राहावं लागणार नाही.

गावबा लिहायला बसला तेव्हा त्याच्याकडे नाथांची विद्वत्ता नव्हती, नाव नव्हतं, कुणाचं मानधन तर नव्हतंच. रावण जिवंत होता आणि लोक ऐकायला थांबले होते. तेवढं कारण त्याला पुरलं.