शाळेतली पहिली संगणक भाषा: बालबोध आधी, मोडी नंतर



गटाच्या बैठकीत कर्जाचे अर्ज येतात. बियाणं, शेळी, शिलाई मशीन, दवाखाना ही कारणं आपल्या ओळखीची आहेत. आता त्यांत एक नवं कारण दिसू लागलंय: मुलांचा कोडिंगचा क्लास. क्लासवाले सांगतात, अमुक भाषा आत्ताच शिकवा, नाही तर पोर मागे पडेल. भाषेचं नाव मात्र सारखं बदलत असतं. म्हणून आज आम्ही या प्रश्नाचा इतिहास सांगणार आहोत. शाळेत मुलांनी संगणकाची पहिली भाषा कोणती शिकावी?

आधी संगणकाची भाषा म्हणजे काय ते पाहू. आपल्या गटाचा दंडाचा नियम घ्या. हप्ता दहा तारखेच्या आत आला तर दंड नाही, नाही तर दहा रुपये. हेच प्रत्येक सभासदासाठी करायचं आणि शेवटी बेरीज मांडायची. हे काम संगणकाला सांगायचं तर ओळीनं, काही न गाळता सांगावं लागतं. त्याला अंदाज बांधता येत नाही. असं सांगण्यासाठी ठरवलेले शब्द आणि नियम म्हणजे संगणकाची भाषा.

आता पुण्यात शनिवार पेठेत चला. तिथे शनिवारवाडा आहे, १७३२ साली बांधून झालेला. पेशव्यांचा कारभार तिथून चाले, आणि त्या काळातले कारकून लिहीत ते मोडीत. मोडी हात न उचलता झरझर लिहिता येते, म्हणून हिशेब आणि पत्रं मोडीत. ऱ्हस्व-दीर्घाचा त्रास नाही, पण वाचायला सवय लागते. दुसरी लिपी बालबोध, म्हणजे आज आपण लिहितो तीच. नावातच सगळं आलं: बालांना बोध होईल अशी. पुढे छापखाने आले, पुस्तकं बालबोधीत निघाली आणि गेल्या शतकाच्या मध्यानंतर मोडी शाळेतून गेली. ज्याला फक्त मोडीचं वळण येत होतं त्याचं अडलं असेल. ज्याला हिशेब येत होता, पत्राचा मजकूर जुळवता येत होता, त्यानं तेच काम बालबोधीत केलं. मोडी गेली, मराठी राहिली.

संगणकाच्या भाषांचंही असंच झालं. सुरुवातीच्या भाषा गणितवाल्यांच्या होत्या. ग्रेस हॉपर या बाईंनी १९५२ मध्ये अशी सोय केली की संगणकानंच माणसाच्या सूचनांचं भाषांतर यंत्राच्या आकड्यांत करावं. साध्या शब्दांत सूचना लिहिता याव्यात, हा त्यांचा आग्रह. १९५९ मध्ये कोबोल भाषेचं काम सुरू झालं, त्यामागे त्यांचीच वाट होती. बँका आणि कचेऱ्यांचे हिशेब पुढे कितीतरी वर्षं कोबोलवर चालले.

पण ती झाली कामाची भाषा, म्हणजे मोडी. बालबोध आली १९६४ मध्ये. अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजात जॉन केमेनी आणि थॉमस कुर्ट्झ या दोन शिक्षकांनी बेसिक नावाची भाषा केली. विज्ञान न घेतलेल्या मुलांनाही संगणक वापरता यावा, हा हेतू. तीनच वर्षांनी लहान मुलांसाठी लोगो आली. ती घडवणाऱ्यांत सिमोर पेपर्ट होते, तशाच सिंथिया सॉलोमन या बाईही होत्या. लोगोत एक कासव असतं. इतकी पावलं पुढे जा, इतकं वळ, हेच चार वेळा कर, असं सांगितलं की चौकोन उमटतो. ठिपक्यांची रांगोळी काढणाऱ्या मुलीला हे वेगळं शिकवावं लागत नाही.

आपल्या देशात १९८४-८५ मध्ये केंद्र सरकारनं शाळांसाठी 'क्लास' नावाचा प्रकल्प सुरू केला. पहिल्या टप्प्यात सुमारे अडीचशे शाळांना ब्रिटनमधले बीबीसी मायक्रो संगणक मिळाले. त्यांवर बेसिक चाले. पण यंत्र आलं तरी शिक्षकांची तयारी कमी पडली, वेळापत्रकात तास कमी पडला, आणि बऱ्याच मुलांच्या वाट्याला बोटं लावण्यापेक्षा बघणंच आलं. भाषा सोपी असून भागत नाही, हे तेव्हाच दिसलं.

पुढे केंद्रीय मंडळाच्या अकरावी-बारावीत सी प्लस प्लस आली. उद्योगात ती चालते म्हणून शाळेत. पण नवख्या मुलाचा वेळ तिथे अर्धविराम आणि कंस सांभाळण्यात जातो. नंतर मंडळानं ती बदलून पायथन घेतली. पायथन १९९१ मध्ये गिडो व्हान रोसम यांनी जगापुढे आणली. शिकवण्यासाठी केलेल्या एबीसी नावाच्या भाषेवर त्यांनी आधी काम केलं होतं, त्यामुळे पायथन वाचायला सोपी आहे. शिवाय ती कामाच्या ठिकाणीही चालते. २००७ मध्ये लहान मुलांसाठी स्क्रॅच आली. त्यात लिहायचं जवळजवळ नाही, रंगीत ठोकळे एकमेकांत बसवायचे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावीपासून कोडिंगची ओळख सांगितली आहे.

मग पहिली कोणती? आमचं मत असं. सहावी ते आठवी स्क्रॅच, नववीपासून पायथन. दोन्ही फुकट मिळतात, भाषेला पैसे लागत नाहीत. पैसे शिकवण्याचे असतात, तेव्हा कोण शिकवतं ते आधी पाहा. आणि दोन्हींच्या आधी वहीवर क्रम लावायला शिकू दे: भाकरीची कृती, एसटी चुकली तर काय करायचं, गटाचा दंड.

बेसिक शिकलेली पिढी आज बेसिक लिहीत नाही, पण क्रम लावायला ती तिथेच शिकली. म्हणून "ही भाषा चुकली तर पोर संपलं" या बोलण्यावर कर्ज काढू नका.

एक गोष्ट मात्र चुकू देऊ नका. अमेरिकेत १९८४ च्या सुमारास संगणकशास्त्राची पदवी घेणाऱ्यांत ३७ टक्के बायका होत्या. नंतर ते प्रमाण घसरलं. घरी आलेला संगणक मुलाच्या खोलीत ठेवला गेला, हे त्याचं एक कारण सांगतात. आपल्याकडे घरातला मोबाइल कोणाच्या हातात असतो, ते आपल्याला ठाऊक आहे.

म्हणून पुढच्या पालकसभेला जाल तेव्हा चार प्रश्न विचारा. शाळेतले किती संगणक चालू आहेत? आठवड्याला किती तास? शिकवणाऱ्या गुरुजींना किंवा बाईंना स्वतःला ती भाषा येते का? आणि कीबोर्डवर मुलींची पाळी येते का? भाषेचं नाव त्यानंतर विचारलं तरी चालेल.