दोन गोड द्रव आणि औषधाचा कायदा

शाळेच्या प्रयोगशाळेत ग्लिसरीनची एखादी बाटली बहुधा असतेच. रंगहीन, घट्टसर, हाताला बुळबुळीत लागणारा हा द्रव चवीला गोड असतो. खोकल्याच्या औषधात आणि चेहऱ्याला लावायच्या क्रीममध्ये तो सर्रास वापरतात. त्याच्यासारखाच दिसणारा, तसाच घट्टसर आणि तसाच गोड दुसरा एक द्रव आहे : डायएथिलीन ग्लायकॉल. तो कारखान्यांत द्रावक म्हणून आणि गोठणरोधक मिश्रणांत वापरला जातो. ग्लिसरीनच्या रेणूत तीन हायड्रॉक्सिल गट असतात, डायएथिलीन ग्लायकॉलच्या रेणूत दोन, आणि मध्ये ऑक्सिजनच्या एका अणूचा सांधा. कागदावर ही सूत्रे काढून दाखवली तर दहावीचा विद्यार्थीसुद्धा त्यांतला फरक लगेच सांगेल. बाटलीतले द्रव पाहून मात्र आम्हालाही तो सांगता येणार नाही.

यांपैकी पहिला औषधात चालतो, दुसरा मूत्रपिंडे निकामी करतो. औषधे आणि सौंदर्यप्रसाधने यांच्यावर देखरेख ठेवणारी राष्ट्रीय यंत्रणा आज ज्या रूपात आपल्याला दिसते, ते रूप तिला येण्यात या दुसऱ्या द्रवाचा वाटा मोठा आहे. ही गोष्ट अमेरिकेत सुरू होते आणि मुंबईमार्गे आपल्या दारापर्यंत येते.

सन १९३५ मध्ये जर्मनीच्या गेरहार्ड डोमाक यांनी प्राँटोसिल या रंजकाचे जंतुनाशक गुण प्रसिद्ध केले. त्याच वर्षी पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमधील संशोधकांनी दाखवून दिले, की खरे काम या रंजकापासून शरीरात सुटणारे सल्फानिलामाइड करते. हे संयुग १९०८ सालीच तयार झालेले होते, त्यामुळे त्यावर कोणाची मक्तेदारी उरली नव्हती. शेकडो कारखानदार त्याच्या गोळ्या करू लागले. पेनिसिलीन बाजारात येण्यापूर्वीचा हा काळ. घशाचे दुखणे, बाळंतज्वर, परमा अशा जंतुसंसर्गांवर डॉक्टरांच्या हाती प्रथमच काहीतरी भरवशाचे आले होते.

अमेरिकेच्या टेनेसी राज्यातील मॅसेनगिल कंपनीला हे औषध पातळ स्वरूपात हवे होते, कारण मुलांना गोळी गिळवत नाही. सल्फानिलामाइड पाण्यात आणि अल्कोहोलमध्ये पुरेसे विरघळत नाही. कंपनीचे मुख्य रसायनतज्ज्ञ हॅरोल्ड वॉटकिन्स यांना ते डायएथिलीन ग्लायकॉलमध्ये छान विरघळते असे आढळले. त्यात रास्पबेरीचा स्वाद घातला, रंग घातला. चव, वास आणि रूप तपासले. विषारीपणा मात्र तपासला नाही, उंदरावरसुद्धा नाही. सप्टेंबर १९३७ मध्ये सुमारे २४० गॅलन ‘एलिक्झिर सल्फानिलामाइड’ देशभर रवाना झाले.

ऑक्टोबरमध्ये ओक्लाहोमातील टल्सा गावाहून मृत्यूंच्या बातम्या येऊ लागल्या. आधी लघवी कमी होणे, मग थांबणे, पोटात असह्य वेदना, बेशुद्धी, असा क्रम होता. सात ते एकवीस दिवस रोगी तळमळत. आता आपल्याला त्यामागचे रसायनशास्त्र बरेचसे कळले आहे. यकृतातील विकर डायएथिलीन ग्लायकॉलचे टप्प्याटप्प्याने ऑक्सिडीकरण करतात, त्यातून डायग्लायकॉलिक आम्ल तयार होते आणि ते मूत्रपिंडाच्या नलिकांतील पेशी मारते. म्हणजे विष बनवण्याचे शेवटचे काम आपलेच शरीर करते. त्यामुळेच पहिल्या चमच्यानंतर काही घडत नाही आणि आई दुसरा चमचा देते.

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने त्या वेळच्या आपल्या जवळजवळ सर्व, म्हणजे २३९ निरीक्षकांना आणि रसायनतज्ज्ञांना या एका कामाला जुंपले. कंपनीच्या नोंदवह्यांवरून घाऊक व्यापारी, त्यांच्याकडून किरकोळ दुकानदार, दुकानदाराकडून डॉक्टर आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीवरून रोगी असा माग काढावा लागला. कित्येक चिठ्ठ्यांवर नावेच अपुरी होती. औषध घेऊन डोंगराळ मुलखात राहायला गेलेल्या एका कुटुंबातील तीन वर्षांच्या मुलाचा शोध घेण्यासाठी एका डॉक्टरने स्वतःचे लग्न पुढे ढकलले. एका बाईंनी बाटली नष्ट केली असे सांगितले, पण खोदून विचारल्यावर ती खिडकीतून बोळात फेकल्याचे निघाले. निरीक्षकाला ती बोळात न फुटता, औषधासकट सापडली. शेवटी २४० पैकी सुमारे २३४ गॅलन परत मिळाले. उरलेल्या थोड्या औषधाने शंभरावर माणसे मेली, आणि त्यांतली ३४ मुले होती.

या साऱ्या धावपळीला कायद्याचा आधार कोणता होता? १९०६ च्या कायद्यात भेसळ आणि खोटे लेबल यांना बंदी होती. विक्रीपूर्वी औषध सुरक्षित असल्याचे सिद्ध करा, असे त्यात कोठेही म्हटलेले नव्हते. विषारी औषध विकणे हा मुळात गुन्हाच नव्हता! प्रशासनाला एक पळवाट सापडली, तीही शब्दकोशातली. ‘एलिक्झिर’ म्हणजे अल्कोहोल असलेले औषध, आणि यात अल्कोहोल नव्हते, म्हणून लेबल खोटे. कंपनीने त्याला ‘द्रावण’ असे साधे नाव दिले असते, तर बाटल्या जप्त करण्याचा अधिकार कोणालाच नव्हता. कंपनीला सुमारे २६,००० डॉलर दंड झाला, तोही चुकीच्या लेबलाबद्दल.

वास्तविक नव्या कायद्याचा मसुदा १९३३ पासून अमेरिकेच्या संसदेत पडून होता. त्या काळी सौंदर्यप्रसाधनांना तर कायदाच लागू नव्हता. ‘लॅश ल्यूर’ नावाच्या पापण्यांच्या कलपात पॅराफेनिलीनडायअमाइन हे रंजक असे. त्यामुळे स्त्रियांचे डोळे सुजले, काहींची दृष्टी गेली, तरी ते दुकानात विकले जात होते. प्रशासनाने अशा वस्तूंचे आणि बळी पडलेल्यांच्या छायाचित्रांचे एक प्रदर्शन भरवले. वर्तमानपत्रवाल्यांनी त्याला ‘भयदालन’ म्हटले. तरीही कायदा पुढे सरकला नाही. जाहिरातींवर जगणाऱ्यांचा विरोध मोठा होता. रास्पबेरीच्या चवीच्या त्या औषधाने मात्र वर्षाच्या आत काम केले. २५ जून १९३८ रोजी अध्यक्ष रुझवेल्ट यांनी अन्न, औषध व सौंदर्यप्रसाधन कायद्यावर सही केली. यापुढे नवे औषध विकण्यापूर्वी त्याच्या सुरक्षिततेचा पुरावा द्यावा लागणार होता, आणि पुरावा देण्याची जबाबदारी उत्पादकाची होती.

येथे एका तरुण संशोधिकेची ओळख करून द्यायला हवी. शिकागो विद्यापीठात प्रा. गायलिंग यांच्या प्रयोगशाळेत १९३७ मध्ये या औषधाची प्राण्यांवर तपासणी झाली आणि दोष द्रावकाचा आहे हे सिद्ध झाले. त्या कामात फ्रान्सिस ओल्डम ही कॅनडाहून आलेली विद्यार्थिनी होती. ‘फ्रान्सिस’ हे नाव स्त्री-पुरुष दोघांचेही असू शकते. गायलिंग यांनी तिला पुरुष समजून ‘मिस्टर ओल्डम’ या नावाने नोकरीचे पत्र धाडले होते. विवाहानंतर ती डॉ. फ्रान्सिस केल्सी झाली आणि १९६० मध्ये अन्न व औषध प्रशासनात रुजू झाली. त्याच वर्षी तिच्या टेबलावर थॅलिडोमाइड या झोपेच्या गोळीचा अर्ज आला. हे औषध युरोपात भरपूर खपत होते, त्यामुळे मंजुरी औपचारिकच समजली जात होती. नियम असा होता, की साठ दिवसांत हरकत घेतली नाही तर औषध आपोआप बाजारात येणार. दर वेळी मुदत संपत आली की केल्सी आणखी माहिती मागवत. गोळी घेणाऱ्यांच्या हातापायांना मुंग्या येतात, असे एका ब्रिटिश डॉक्टरचे पत्र त्यांच्या वाचनात आले होते. नसांवर परिणाम होत असेल, तर गर्भावर काय होईल, हा त्यांचा प्रश्न होता. कंपनीने वरिष्ठांकडे तक्रारी केल्या, पण केल्सी हलल्या नाहीत. नोव्हेंबर १९६१ मध्ये जर्मनीत उत्तर मिळाले. जगभर दहा हजारांवर बालके हातापायांची वाढ न होताच जन्मली. अमेरिकेत अशी बालके मोजकीच होती. १९६२ च्या दुरुस्तीने सुरक्षिततेबरोबर गुणकारीपणाचा पुरावाही सक्तीचा केला.

नियामकाचे काम हे असे असते. ते नीट झाले, तर काहीच घडत नाही, आणि न घडलेल्या गोष्टीची बातमी होत नाही. केल्सींना अध्यक्ष केनेडींच्या हस्ते सन्मान मिळाला, कारण युरोपात काय झाले ते शेजारी ठेवून दाखवता आले. एरवी अशा अधिकाऱ्याला फाइल अडवणारा असेच म्हणतात. आमच्यासारखे संशोधकही तसे म्हणतात, हे कबूल करायला हवे.

आता आपल्याकडे वळू. हिवतापावरील क्विनीनमध्ये होणारी भेसळ ही १९२० च्या दशकात हिंदुस्थानातील मोठी तक्रार होती. परदेशी माल येथे हवा तसा खपत होता. त्याची चौकशी करण्यासाठी सरकारने १९३० मध्ये कर्नल रामनाथ चोप्रा यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पुढच्याच वर्षी समितीने अहवाल दिला, आणि देशव्यापी कायदा, मध्यवर्ती प्रयोगशाळा व औषधव्यवसायाचे शिक्षण यांची मागणी केली. कायदा व्हायला १९४० साल उजाडले आणि त्याखालचे नियम १९४५ मध्ये आले. १९६२ च्या दुरुस्तीने सौंदर्यप्रसाधने त्यात आली आणि कायद्याच्या नावातही ‘सौंदर्यप्रसाधने’ हा शब्द शिरला. त्यांना रंग आणण्यासाठी शिसे आणि आर्सेनिक यांची संयुगे वापरायला मनाई झाली. ज्या देशात शेंदूर म्हणजे शिशाचे ऑक्साइड घरोघर असते, तेथे हे कलम लहान म्हणता येणार नाही.

या कायद्याचा सांधा मात्र नाजूक जागी आहे. नव्या औषधाला मंजुरी, आयात आणि मानवी चाचण्या यांवर केंद्राचे, म्हणजे केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटनेचे आणि तिच्या प्रमुखाचे, भारताच्या औषध महानियंत्रकांचे नियंत्रण असते. नेहमीच्या औषधांच्या कारखान्यांना परवाने देणे, तेथे तपासणीला जाणे आणि दुकानांतून नमुने उचलणे हे मुख्यतः राज्याच्या यंत्रणेचे काम आहे. एका राज्यात परवाना मिळालेल्या कारखान्याचा माल देशभर विकता येतो. साखळीची ताकद तिच्या सर्वांत ढिल्या कडीइतकीच राहते.

ते १९८६ साली मुंबईत दिसले. जानेवारी-फेब्रुवारीत सर ज. जी. रुग्णालयात डोळ्यांतील व मेंदूतील दाब कमी करण्यासाठी काही रोग्यांना ग्लिसरीन पाजण्यात आले. औषधी दर्जाचे म्हणून आलेले ते ग्लिसरीन औद्योगिक दर्जाचे होते आणि त्यात डायएथिलीन ग्लायकॉल होते. चौदा रोगी मूत्रपिंडे बंद पडून दगावले. टेनेसीत विष अज्ञानाने पडले असे म्हणायला थोडी तरी जागा होती. एकोणपन्नास वर्षांनंतर ती उरली नव्हती. न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांच्या आयोगाने १९८७ मध्ये दिलेल्या अहवालात रुग्णालयाच्या खरेदीपासून राज्याच्या अन्न व औषध प्रशासनापर्यंत सर्वांवर कठोर ताशेरे ओढले. १९८८ मध्ये उत्तम उत्पादनपद्धतींचे नियम, म्हणजे ‘परिशिष्ट एम’, कायद्याखाली आले.

तरीही गोष्ट संपली नाही. १९९८ मध्ये दिल्ली परिसरात आणि २०१९-२० मध्ये जम्मूच्या रामनगर भागात मुले अशाच औषधाने मेली. २०२२ मध्ये गांबिया देशात सुमारे सत्तर बालकांच्या मृत्यूंचा संबंध भारतातून गेलेल्या खोकल्याच्या औषधांशी जोडला गेला. त्यानंतर जून २०२३ पासून खोकल्याचे औषध निर्यात करण्यापूर्वी प्रयोगशाळेत तपासून घेणे सक्तीचे झाले. हा नियम निर्यातीपुरता होता. सप्टेंबर-ऑक्टोबर २०२५ मध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात आणि आसपास वीसहून अधिक मुले दगावली. त्यांना दिलेले औषध तमिळनाडूत तयार झालेले होते आणि त्याच्या नमुन्यात सुमारे ४८ टक्के डायएथिलीन ग्लायकॉल आढळले. मान्य मर्यादा आहे ०.१ टक्का.

तपासणी अवघड आहे का? शुद्ध ग्लिसरीनची सापेक्ष घनता १.२६ आणि डायएथिलीन ग्लायकॉलची १.१२. शुद्ध द्रवांत भेद करायला साधा घनतामापी पुरतो. मिश्रणात तो फसतो, कारण पाणी मिसळले तरी घनता उतरते. त्यासाठी वायुवर्णलेखन हवे, किंवा निदान पातळ थराचे वर्णलेखन. ही दुसरी पद्धत स्वस्त आहे आणि तासा-दोन तासांत उरकते. कच्च्या मालाचा प्रत्येक पिंप उघडून ती करायची असते आणि नियम पूर्वीपासून तसेच सांगतात. ऑक्टोबर २०२५ मध्ये औषध महानियंत्रकांनी राज्यांना पत्र लिहून याच नियमाची पुन्हा आठवण करून दिली.

वर्गात करण्याजोगे एक काम आहे. मुलांना घरातल्या रिकाम्या औषधाच्या बाटल्या, गोळ्यांची पाकिटे आणि क्रीमची खोकी आणायला सांगावीत. त्यांवर ‘आय. पी.’ ही अक्षरे दिसतात का? ती दिसली तर ते औषध भारतीय औषधकोशातील मानकाप्रमाणे असल्याचा उत्पादकाचा दावा आहे. परवाना क्रमांक, घाण्याचा क्रमांक, तयार केल्याची व मुदत संपल्याची तारीख, कारखान्याचा पत्ता शोधून वहीत उतरवावेत. पत्ता कोणत्या राज्यातला आहे ते नकाशात पाहावे. मग विचारावे, की समजा या घाण्याची प्रत्येक बाटली उद्या सकाळपर्यंत परत मिळवायची आहे, तर यांतल्या कोणत्या नोंदीवरून आणि कोणाकोणाच्या दारी जाऊन ती शोधाल? १९३७ साली २३९ माणसांना हाच प्रश्न पडला होता. आम्ही अकरावीच्या एका वर्गात तो विचारला, तेव्हा मागच्या बाकावरून एका मुलीने उलट विचारले, “दुकानदाराने बिल दिलेच नसेल तर?”