पेटाऱ्यात मावेल तेवढा अजिंठा

रविवारी पहाटे छत्रपती संभाजीनगरहून वेरूळला निघणाऱ्या हौशी छायाचित्रकाराची आदल्या रात्रीची अडचण ठरलेली असते. पिशवीत काय घ्यायचे आणि काय घरी ठेवायचे? रुंद कोनाची लेन्स घेतली तर कैलासाच्या प्रांगणात पाठ कातळाला टेकवून उभे राहिले तरी बरेचसे मंदिर चौकटीत येते. मात्र मंदिराच्या जोत्यावर कैलास हलवणारा रावण मग अंगठ्याएवढा होतो. लांब पल्ल्याची लेन्स घेतली तर रावण हाती लागतो आणि मंदिर हातचे जाते. दोन्ही घेतल्या तर दुपारपर्यंत खांदा बोलू लागतो. तिपाई न्यावी तर पुरातत्त्व खात्याची परवानगी हवी. वेरूळची लेणी पश्चिमाभिमुख आहेत, त्यामुळे सकाळी लवकर पोहोचण्याचा उत्साह दाखवणाऱ्याला दर्शनी भाग सावलीतच भेटतो. अशा वेळी पिशवीत काय आहे यापेक्षा मनगटावरचे घड्याळ अधिक कामाचे ठरते.

हा प्रश्न हौसेचा आणि म्हणून किरकोळ वाटतो, पण या परिसराच्या बाबतीत तो किरकोळ राहिलेला नाही. अजिंठा-वेरूळची जी प्रतिमा आपल्या पाठ्यपुस्तकांतून, कलेतिहासाच्या ग्रंथांतून आणि एका मर्यादेत आपल्या कवितेतूनही रूढ झाली, तिचा बराच भाग कोणाच्या सौंदर्यदृष्टीने घडवलेला नाही. पेटाऱ्यात काय मावले आणि काय मावले नाही, यावर तो ठरला आहे. प्रस्तुत लेखात हे काही उदाहरणांनी पाहावयाचे आहे, आणि त्यातले पहिले उदाहरण अर्थातच मेजर रॉबर्ट गिल यांचे.

मद्रासच्या सैन्यातील हा अधिकारी १८४४ मध्ये अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रती करण्यासाठी नेमला गेला. त्यामागे जेम्स फर्ग्युसन यांनी रॉयल एशियाटिक सोसायटीपुढे मांडलेला निबंध आणि सोसायटीने कंपनी सरकारकडे केलेली मागणी होती. गिल यांच्याबरोबर आले ते कॅनव्हास, तैलरंग आणि कुंचले. पुढची जवळजवळ दोन दशके ते अजिंठा गावातील बारादरीत राहून लेण्यांत काम करीत राहिले. इथपर्यंतची कथा सर्वांना ठाऊक आहे. मात्र १८५० च्या दशकाच्या उत्तरार्धात या चित्रकाराच्या हाती कॅमेरा आला होता, हा तपशील कथेत सहसा येत नाही.

त्या काळी कॅमेरा हाती येणे म्हणजे काय, याची आज कल्पना करणे कठीण आहे. फ्रेडरिक स्कॉट आर्चर यांनी १८५१ मध्ये जाहीर केलेली कलोडियनची पद्धत त्या वेळी सर्वत्र रूढ होत होती. ईथर आणि मद्यार्कात विरघळवलेले कलोडियन काचेवर ओतायचे, काच हळूहळू कलती करीत ते चारही कोपऱ्यांपर्यंत पसरवायचे, मग ती काच सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालून चित्र घ्यायचे आणि वाळण्याआधी धुऊन काढायची. सगळा मामला दहा-पंधरा मिनिटांचा. याचा अर्थ असा की काळोखी खोली छायाचित्रकाराच्या बरोबर चालली पाहिजे. कॅमेरा आणि तिपाई हे ओझ्याचे सर्वांत हलके भाग होते. काचा, रसायनांच्या बाटल्या, तबके, काळा तंबू आणि धुण्यासाठी स्वच्छ पाणी हा खरा भार. त्यात ईथर सुमारे ३५ अंश सेल्सिअसलाच उकळू लागते, आणि अजिंठ्याच्या परिसरातील उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो. पावसाळ्यात सात कुंडांवरून कोसळणाऱ्या वाघोरा नदीचे पात्र वैशाखात कोरडे पडते. म्हणजे ज्या ऋतूत वाट सुकर, त्या ऋतूत पाणी नाही. ज्या ऋतूत पाणी, त्या ऋतूत वाट नाही आणि उजेडही नाही.

तुलनेसाठी हिमालयातले एक उदाहरण पाहू. सॅम्युअल बोर्न १८६३ मध्ये सिमल्याहून पर्वतात छायाचित्रणासाठी निघाले तेव्हा त्यांच्याबरोबर सुमारे ३० हमाल होते. बोर्न यांना मोठ्या काचा हव्या होत्या, कारण त्या काळी चित्र मोठे करून छापण्याची सोय नव्हती म्हणण्याइतकीच होती. जेवढी काच, तेवढे चित्र. हिमशिखरांचे भव्यपण कागदावर आणायचे तर भव्य काच न्यावी लागे, आणि ती कोणाच्या तरी पाठीवर असे. बोर्न यांची नाममुद्रा चित्रांवर आहे. पाठींची नावे नाहीत.

गिल यांनी वेगळी निवड केली. त्यांनी स्टिरिओस्कोपिक कॅमेरा वापरला. दोन डोळ्यांतील अंतराइतक्या फरकाने घेतलेली एकाच दृश्याची दोन लहान चित्रे शेजारी चिकटवायची आणि स्टिरिओस्कोपमधून पाहिली की त्यांचे मिळून एक सखोल दृश्य व्हायचे. लंडनमधील १८५१ च्या महाप्रदर्शनानंतर हे यंत्र विलायतेत घरोघरी गेले होते. ही निवड मला फार शहाणपणाची वाटते. काच लहान, म्हणून तंबू लहान, पाणी कमी, ओझे कमी. चित्र लहान आणि भिंगाचे नाभीय अंतर कमी, म्हणून प्रकाश लवकर पुरतो. शिवाय लेणे ही मुळात खोलीची कला आहे. दगडात किती आत गेले, हाच तिचा विषय. खांबांच्या दोन रांगांमधून मागच्या स्तूपापर्यंत जाणारी नजर सपाट कागदावर मरते; स्टिरिओस्कोपमध्ये ती जिवंत होते. ओझे हलके करायला निघालेल्या माणसाला विषयाला सर्वाधिक अनुरूप साधन मिळावे, असे क्वचित घडते.

या चित्रांची दोन पुस्तके १८६४ मध्ये लंडनमधून निघाली. 'द रॉक-कट टेम्पल्स ऑफ इंडिया' या पहिल्या पुस्तकात ७४ छायाचित्रे आहेत. दुसऱ्यात पश्चिम भारतातील वास्तू आणि प्राणिसृष्टीची १०० स्टिरिओ चित्रे आहेत. प्राणिसृष्टी म्हणजे बहुतांशी गिल यांची शिकार. मजकूर दोन्हींत फर्ग्युसन यांचा.

परंतु या पुस्तकांत अजिंठ्याची ओळख असलेली रंगीत चित्रे जवळपास नाहीत. दर्शनी भाग आहेत, खांब आहेत, चैत्यगवाक्षे आहेत. पद्मपाणी नाही. याचे कारण गिल यांच्या अभिरुचीत शोधणे व्यर्थ आहे. एक तर आत काळोख होता. मॅग्नेशियमची तार पेटवून छायाचित्र घेण्याची युक्ती १८६४ मध्ये मँचेस्टरला नुकतीच अवतरत होती. चार्ल्स पियाझी स्मिथ यांनी तिचा उपयोग गिझाच्या पिरॅमिडच्या पोटात केला तो १८६५ मध्ये. दुसरे कारण अधिक मूलभूत आहे. कलोडियनच्या काचेला निळा प्रकाश दिसतो, तांबडा आणि पिवळा जवळजवळ दिसतच नाही. अजिंठ्याच्या भिंतीवर अधिराज्य आहे ते गेरूचे आणि पिवळ्या मातीचे. म्हणजे मशाली लावून, आरसे फिरवून उजेड आत नेला असता तरी काचेवर बोधिसत्त्वाच्या जागी काळसर डाग उमटला असता. हरितप्रकाशाला प्रतिसाद देणाऱ्या काचा हर्मान फोगेल यांच्या १८७३ च्या शोधानंतर हळूहळू आल्या, आणि तांबड्यासकट सर्व रंग जाणणाऱ्या काचा बाजारात यायला विसावे शतक उजाडले.

त्यामुळे गिल यांच्या हातांत श्रमविभागणी झाली. रंग कुंचल्याकडे, दगड कॅमेऱ्याकडे. ही विभागणी साधनांच्या मर्यादेतून आली, पण ती पुढे विद्याशाखांची विभागणी होऊन बसली, असे मला वाटते. फर्ग्युसन शैलींची तुलना करून वास्तूंचा कालक्रम लावू पाहत होते. त्यांना छायाचित्रे ही पुराव्यासारखी मोलाची होती, आणि छायाचित्रांत उमटत होते ते खांबांचे आणि कमानींचे. चित्रे राहिली 'कला' या दुसऱ्या कप्प्यात. ज्या कारागिरांच्या पिढ्यांनी एकाच विहारात खांब कोरला आणि त्याच्या माथ्यावर छत रंगवले, त्यांना असे दोन कप्पे ठाऊक असणे शक्य नव्हते. आजही आपले विद्यार्थी अजिंठा दोनदा शिकतात, एकदा वास्तू म्हणून आणि एकदा चित्र म्हणून.

पुढे जे घडले ते कादंबरीत आले असते तर अतिरंजित ठरले असते. गिल यांची तैलचित्रे लंडनजवळ सिडनहॅमच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडली होती. ३० डिसेंबर १८६६ च्या आगीत त्यांतील बहुतेक जळून गेली, मोजकीच उरली. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनी १८७२ पासून विद्यार्थ्यांसह पुन्हा प्रती केल्या, तर त्यांतील पुष्कळशा १८८५ मध्ये साउथ केन्सिंग्टनच्या आगीत गेल्या. प्रतींच्या नशिबी दोनदा अग्नी. दुय्यम म्हणून, हलके म्हणून उचललेल्या पेटाऱ्यातली ती लहान चित्रे मात्र छापली गेली होती, पुस्तकांत चिकटवली गेली होती, अनेक कपाटांत विखुरली होती. ती वाचली.

आपल्या साहित्याच्या स्मरणात मात्र याच्या नेमके उलटे झाले. ना. धों. महानोर यांच्या 'अजिंठा' या काव्याच्या केंद्रस्थानी गिल आणि पारो यांची प्रेमकथा आहे. त्यावरून नितीन चंद्रकांत देसाई यांनी २०१२ मध्ये चित्रपट केला. महानोर पळसखेडचे, म्हणजे त्याच मातीतले, आणि अजिंठा गावातील पारोची कबर त्यांना पुस्तकातून कळावी लागली नव्हती. कवीने कुंचला निवडला याबद्दल तक्रार करणे हास्यास्पद होईल. कुंचला धरणारा प्रतिमेसमोर वर्षानुवर्षे बसतो, कॅमेरेवाला तंबूत शिरून काच धुतो. प्रेमकथेला कोणते दृश्य हवे हे उघड आहे. तरीही लोकस्मृतीतला गिल केवळ चित्रकार राहतो आणि आजच्या मराठी वाचकाला त्यांची छायाचित्रे माहीत नसतात, ही उणीव समीक्षेने तरी भरून काढायला हवी होती.

मराठी माणसांचा या साधनांशी संबंध नव्हता असे मात्र नाही. मुंबईत १८५४ मध्ये फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली, तिच्या कामात डॉ. नारायण दाजी होते. त्यांचे बंधू डॉ. भाऊ दाजी लाड यांनी अजिंठ्याच्या शिलालेखांवरील निबंध रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या नियतकालिकात १८६० च्या दशकात प्रसिद्ध केला. एक भाऊ काचेवर प्रकाश धरणारा, दुसरा दगडावरची अक्षरे वाचणारा. शिलालेखासाठी ओला कागद, ब्रश आणि धीर पुरतो. कॅमेऱ्याला जे दिसत नाही ते ओल्या कागदाला दिसते, हे आजच्या हौशी मंडळींनाही सांगावेसे वाटते. (अर्थात आज कोणी परवानगीशिवाय शिलालेखावर ओला कागद थापू नये.)

लाला दीनदयाळ यांच्या काळापर्यंत जिलेटिनच्या कोरड्या काचा आल्या होत्या. तंबू आणि ईथर गेले, काचेचे वजन राहिले. निजामाच्या राज्यातील दृश्यांचा त्यांचा १८९२ चा संग्रह आज ब्रिटिश लायब्ररीत आहे. तोपर्यंत औरंगाबादला रेल्वे आलेली नव्हती. ती १९०० मध्ये आली. वेरूळकडे जाणारे प्रवासी नांदगावला उतरून टांग्याने येत. दीनदयाळ दरबारी छायाचित्रकार, त्यामुळे माणसे आणि वाहने यांची त्यांना ददात नसावी. मोठ्या काचेवरचा त्यांचा कैलास संथ, भरदार आणि नेमका आहे. गिल यांच्या छोट्या चित्रांत तो डोळ्यांसमोर उघडत जातो. मला दुसरा अधिक आवडतो, पण वर्गात दाखवायला पहिला बरा.

रंग आत शिरले ते फार उशिरा. हैदराबाद संस्थानच्या पुरातत्त्व विभागाचे गुलाम याझदानी यांचा चार भागांतील 'अजंता' हा ग्रंथ १९३० ते १९५५ या काळात निघाला. त्याची रंगीत आणि एकरंगी चित्रे ई. एल. व्हॅसी यांच्या छायाचित्रांवर आधारलेली होती, आणि प्रती छायाचित्रणावर आधारित आहेत हे उपशीर्षकातच नोंदवलेले आहे. मध्ये कोणाचा कुंचला नाही, हे सांगण्याची गरज वाटावी इतका तो बदल मोठा होता.

तोवर भिंतींची जी हानी झाली होती तिलाही पेटारेच जबाबदार होते. प्रती करताना रंग उठून दिसावेत म्हणून चित्रांवर व्हार्निश फासले गेले. ते पिवळे-काळे पडले, त्याला तडे गेले. १९२० ते १९२२ मध्ये इटलीहून आलेल्या लोरेन्झो चेकोनी आणि ओर्सिनी यांनी ते काढण्याचा प्रयत्न केला. त्यांनी रंग बसवण्यासाठी वापरलेले शेलॅकही कालांतराने काळवंडले. प्रत्येकाने बरोबर काही तरी आणले आणि थोडेसे भिंतीवर ठेवून गेला.

बिनॉय बहल यांनी १९९१ मध्ये अजिंठ्यात छायाचित्रे घेतली ती झगझगीत दिव्यांविना, आत असलेल्या अत्यल्प उजेडात, दीर्घ एक्स्पोजर देऊन. ज्या कोपऱ्यांतील रंग पूर्वी कोणाला नीट दिसले नव्हते ते त्यांत दिसले. साधन वाढवण्याऐवजी वेळ वाढवला, एवढेच. आता फ्लॅशला तिथे मनाईच आहे, आणि हातातल्या फोनला दीडशे वर्षांपूर्वीच्या कोणत्याही काचेपेक्षा अंधारात जास्त दिसते. फर्दापूरच्या तिठ्यावर गाडी ठेवून बसने लेण्यांशी उतरले की पायऱ्यांच्या तोंडाशी डोलीवाले उभे असतात. चढ जमत नसलेल्या पर्यटकांना ते खुर्चीत बसवून वर नेतात. त्यांच्यापैकी एकाला, कॅमेऱ्याची जड पिशवी सांभाळत धापा टाकणाऱ्या एका गृहस्थांनी, नुसती पिशवी वर न्यायचे काय घेशील म्हणून विचारलेले मी ऐकले आहे. तो हसला आणि म्हणाला, "साहेब, बसा की तुम्हीपण. वजन तुमचंच जास्त हाय."