सदर बाजारातला मुक्काम

तुम्ही हैदराबादेहून उत्तरेकडे निघालेले वाटसरू आहात. साल १८३०च्या आगेमागचं. दसरा होऊन गेलाय, वाटेवरचा चिखल वाळलाय, नद्यांना उतार मिळू लागलाय. कमरेच्या कशात थोडे रुपये आहेत आणि त्यामुळेच रात्रीची झोप उडालेली आहे. आज मात्र कयाधूकाठची हिंगोली दिसली आणि जीव भांड्यात पडला. इथे फौजेची छावणी आहे.

पगार निजामाच्या तिजोरीतून आणि अधिकारी इंग्रज, अशी ही फौज. पुढे तिला हैदराबाद कंटिन्जन्ट म्हणू लागतील. घोडदळ, पायदळ, तोफा एका जागी आल्या की दाणावैरण, कापड, कातडं आणि उसनवारीचा पैसा, सगळंच लागतं. म्हणून छावणीला लागून सदर बाजार वसलाय. तुम्ही त्यात शिरता तेव्हा एका हाकेच्या अंतरात मराठी ऐकू येते, दखनी ऐकू येते आणि हिंदुस्तानातून भरती होऊन आलेल्या शिपायांची पुरबीही. कुणीच कुणाला परका वाटत नाही, कारण निम्मा बाजार बाहेरून आलेलाच आहे.

ओट्यावर टेकता न टेकता एक मध्यमवयीन गृहस्थ विचारतो, “कुठवर जायचं, पाव्हणे?”

तुम्ही सांगता. तो मान हलवतो. “पुढची वाट चांगली नाही. एकटं जाऊ नका. आम्ही दहा-बारा जण तिकडंच चाललोय. सोबत या.”

त्याचं बोलणं अदबीचं आहे. जरा वेळाने तो तुमच्यासाठी पानतंबाखू मागवतो. तुम्हाला बरं वाटतं. लांबच्या वाटेवर सोबत मिळणं यापरतं सुख नाही.

बाजारात कापडाची एक चांगली पेढी आहे, हरिसिंगची. फौजेतले अधिकारी त्याचं गिऱ्हाईक. त्यांतला एक विशीतला तरुण म्हणजे फिलिप मेडोज टेलर. लहान वयात निजामाच्या नोकरीत आलेला, इथल्या भाषा शिकलेला हा माणूस पुढे कादंबऱ्या लिहील. त्याचा हरिसिंगशी नेहमीचा व्यवहार आहे. पुष्कळांचा आहे. एकदा हा व्यापारी मुलकी कारभार पाहणाऱ्या कॅप्टन रेनॉल्ड्सकडे जातो आणि मुंबईहून कापड आणायचंय म्हणून परवाना मागतो. परवाना मिळतो. काही दिवसांनी मालाने लादलेली जनावरं छावणीत येतात, गाठोडी सुटतात, कापड खपतं. त्यातलं एखादं धोतर तुम्हीही घेतलं असतंत.

ते कापड हिंगोलीजवळच्याच एका गावच्या व्यापाऱ्याचं होतं. तो स्वतः ते घेऊन मुंबईहून येत होता, हे हरिसिंगला आधीपासून ठाऊक होतं. वाटेत त्या व्यापाऱ्याला, त्याच्या नोकरांना आणि जनावरं हाकणाऱ्यांना त्याने संपवलं आणि सरकारी परवाना दाखवून माल उजळ माथ्याने आणला. हरिसिंग ठगांचा म्होरक्या होता. पकडला गेल्यावर त्याने स्वतःच कबुली दिली नसती, तर हे कधीच कळलं नसतं.

तुमच्यासमोर पान धरणारा तो गृहस्थही बहुधा ‘सोठा’ असेल. वाटसरूशी गोड बोलून त्याला टोळीत ओढणं हे सोठ्याचं काम. रुमालाने गळा आवळणारा भुत्तोटे निराळा, खड्डे खणणारा लुघा निराळा. खुणेचा शब्द, म्हणजे ‘झिरनी’, रोजच्या बोलण्यातलाच असे, तंबाखू मागितल्यासारखा. सावज गाठायचं ते एकदा, पण त्याआधी त्याच्यासोबत दिवसेंदिवस चालायचं, एका चुलीवरचं खायचं. वाटसरू दरोडेखोराला भितो, सोबत्याला भीत नाही, एवढ्या एका गोष्टीवर हा धंदा उभा होता.

आता १८३२ मध्ये या. ठगांची प्रकरणं देशभर उघडी पडू लागली आहेत. पकडलेल्यांतले माफीचे साक्षीदार झालेले ठग जागा दाखवतात आणि कुदळी चालतात. छावणीच्या मुख्य पहाऱ्यापासून शंभर यार्डांच्या आत, भर बाजारात, माणसं मारली गेली होती. पहारेकऱ्यांच्या रांगेपासून जेमतेम पाचशे यार्डांवर ती पुरली होती. एकेका खड्ड्यात अनेक. टेलर तिथे हजर होता. १८३९ मध्ये लंडनला छापलेल्या त्याच्या ठगाच्या कादंबरीच्या प्रस्तावनेत त्याने हे लिहून ठेवलं, म्हणून आपल्यापर्यंत पोहोचलं. कादंबरी कल्पित आहे. प्रस्तावनेतली हिंगोली ही त्याची डोळ्यांदेखतची साक्ष.

इथे एक सांगायला हवं. ठगांबद्दल आपण जे वाचतो ते बव्हंशी इंग्रज अधिकाऱ्यांनी आणि माफीच्या साक्षीदारांनी सांगितलेलं आहे. देवीच्या नावाने चालणारा देशव्यापी गुप्त पंथ हे चित्र इंग्रजी कारभाराने फुगवलं, असं अनेक अभ्यासक मानतात, आणि मला ते पटतं. १८३६च्या कायद्यात तर अमुक माणूस टोळीत होता एवढं सिद्ध झालं की जन्मठेप होती. त्याने खून केलाय का, हे पाहायची गरज नव्हती. पण म्हणून हिंगोलीच्या मातीतून निघालेली माणसं खोटी ठरत नाहीत. ती कुणाची होती? घरी कुणीतरी दारात उभं राहून वाट पाहिली असेल. नदीला पूर आला असेल, पटकी झाली असेल, अशी मनाची समजूत घातली असेल. त्यांची नावं टेलरनेही लिहिलेली नाहीत, आणि या गावाच्या इतिहासात मला सर्वांत जास्त टोचते ती हीच गोष्ट.

याच वाटांवर साडेपाचशे वर्षं मागे चला. हिंगोलीपासून जवळच, कयाधूच्याच काठी नर्सी आहे. १२७० मध्ये नामदेव जन्मले ते इथे, शिंप्याच्या घरी, असं परंपरा सांगते. औंढ्याला नागनाथाच्या देवळात विसोबा खेचर त्यांना गुरू म्हणून भेटले, तेही याच पंचक्रोशीत. पुढे नामदेव चालत थेट पंजाबात गेले. घुमानला त्यांचं स्थान आहे आणि गुरु ग्रंथसाहिबात त्यांची ६१ पदं आहेत. पंजाबातल्या अनोळखी लोकांनी या परक्या माणसाला आपला मानलं. एका वाटेवर दोन्ही घडतं.

पुन्हा पुढे, हिंगोलीत या. खाकीबाबा मठाचा दसरा भरलाय. हा उत्सव १८५५ पासूनचा असल्याचं सांगतात. रामलीलेचे प्रवेश चाललेत, रावण जळायचाय, भोवती जत्रा भरलीय. मराठवाड्यात एवढी मोठी रामलीला कशी रुजली? छावणीतल्या पुरबी शिपायांचा यात वाटा असावा, असा माझा कयास आहे. १९०३ मध्ये कंटिन्जन्ट इंग्रजी हिंदी फौजेत विलीन झाली आणि छावणी उठली. तंबू गेले, रिसाला बाजार आणि तोफखाना ही वस्त्यांची नावं राहिली, दसराही राहिला. १९१२ मध्ये पूर्ण्याहून मीटरगेजची गाडी आली आणि पायी चालणाऱ्या वाटसरूचे दिवस सरले.

१५ ऑगस्ट १९४७. पैनगंगेच्या पलीकडे वऱ्हाडात तिरंगा फडकतोय आणि अलीकडे तुम्ही अजून निजामाची रयत आहात. पलीकडच्या काठाकडे पाहत तुम्हाला आणखी तेरा महिने काढायचे आहेत, रझाकारांच्या दहशतीत. १७ सप्टेंबर १९४८ ला ते संपतात. १ मे १९९९ ला परभणीतून वेगळा होऊन हिंगोली जिल्हा होतो.

आज बाजारात हळदीचा वास आहे. विदर्भातूनही शेतकरी गाड्या भरून हळद आणतात, आणि ती उतरते त्या यार्डाचं नाव संत नामदेवांचं आहे. औंढा तालुक्यात दुधाळ्याजवळ लायगो-इंडियाची वेधशाळा व्हायची आहे. केंद्राने एप्रिल २०२३ मध्ये त्यासाठी सुमारे २,६०० कोटी रुपये मंजूर केले. काटकोनातल्या चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, आणि त्यांच्यात गुरुत्वीय लहरींमुळे होणारा प्रोटॉनहूनही सूक्ष्म फरक मोजायचा. त्यासाठी जमीन शांत लागते, ती इथे सापडली. म्हणजे पुन्हा दूरदूरची माणसं या गावात उतरतील, खोली शोधतील, चहाच्या टपरीवर वाट विचारतील. संत, शिपाई, ठग, अडते, शास्त्रज्ञ: हे गाव येणाऱ्यांनी घडवलंय. इतका मोठा दगा होऊनही त्याने परक्याला ओट्यावर बसवणं सोडलं नाही. हिंगोलीचा मोठेपणा मी यात मानतो.

तेव्हा औंढ्याला किंवा नर्सीला जाताना हिंगोलीत थांबा, रिसाला बाजारातून, तोफखान्यातून पायी फिरा. आणि गावकऱ्यांनो, नगरपालिकेने मनावर घ्यावं असं एक काम आहे. सदर बाजारात मारल्या गेलेल्या त्या अनाम वाटसरूंसाठी बाजारात एक साधा फलक लावा.