कुकी नावाचा बिल्ला

मंडळी, हल्ली कुठल्याही संकेतस्थळावर पाऊल टाकलं की दारातच एक पाटी आडवी येते. ‘आम्ही कुकीज वापरतो, चालेल ना?’ आपण आलेलो असतो अळूवडीची कृती वाचायला. त्यामुळे ‘चालेल, चालेल’ म्हणत टिचकी मारतो आणि आत शिरतो. ही कुकी म्हणजे नक्की काय आणि ‘हो’ म्हटल्याने काय बिघडतं, असं घरच्या दोन-तीन ज्येष्ठांनी मला विचारलं. दोन वाक्यांत उत्तर देता येईना, कारण त्यामागे तीस वर्षांचा इतिहास आहे. म्हणून हा लेखनप्रपंच.

सुरुवात करूया महाजालाच्या विसराळूपणापासून. टिम बर्नर्स-ली यांनी जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधनसंस्थेत १९८९ ते १९९१ च्या दरम्यान वेबचा पाया घातला, तेव्हा त्यांनी सर्व्हरला स्मरणशक्ती दिलीच नव्हती. पान मागा, पान घ्या, विषय संपला. पुढच्याच क्षणी तुम्ही दुसरं पान मागितलंत तरी सर्व्हरच्या लेखी तुम्ही नवेच. ‘गजनी’तल्या आमिर खानला दर पंधरा मिनिटांनी विसर पडायचा, इथे दर टिचकीला पडायचा! संशोधकांना एकमेकांची टिपणं वाचायला एवढं पुरेसं होतं. आणि गंमत म्हणजे यातून कोणी न मागता एक खाजगीपणा आपोआप मिळाला होता. वाचनालयात नाव न नोंदवता कोपऱ्यात वाचत बसावं, तसा.

पण वाचनालयाचं दुकान करायचं ठरलं आणि अडचण आली. ग्राहकाने पिशवीत एक वस्तू टाकली, तो दुसऱ्या पानावर गेला, की दुकानदार त्याला विसरला. १९९४ मध्ये एमसीआय ही अमेरिकन दूरध्वनी कंपनी ऑनलाइन दुकानाच्या खटपटीत होती आणि अर्धवट राहिलेल्या खरेदीच्या नोंदी तिला स्वतःच्या सर्व्हरवर सांभाळायच्या नव्हत्या. काम गेलं नेटस्केप या नव्या कंपनीकडे. तिथे लू मॉन्टुली नावाचा तेविशी-चोविशीतला प्रोग्रॅमर होता. कॅन्सस विद्यापीठात असताना लिंक्स हा न्याहाळक (म्हणजे आपला ब्राउझर हो!) लिहिणाऱ्यांपैकी तो एक. युनिक्सच्या जगात दोन प्रोग्रॅम एकमेकांना ओळखीची खूण म्हणून जो तुकडा देत-घेत, त्याला ‘मॅजिक कुकी’ म्हणत. मॉन्टुलीने ते नाव उचललं.

देवळाबाहेर चपला ठेवल्यावर मिळतो ना बिल्ला, कुकी तशीच. दुकान तुमच्या न्याहाळकाला एक क्रमांक देतं, न्याहाळक तो जपून ठेवतो आणि पुढच्या खेपेला दाखवतो. दुकानाला कळतं, ‘अरे, हे मघाचेच!’ बिल्ल्यावर तुमचं नाव नसतं, गाव नसतं.

मॉन्टुलीबद्दलची एक गोष्ट फारशी सांगितली जात नाही. प्रत्येक न्याहाळकाला एकच कायमचा क्रमांक देऊन टाकावा, हा याहून सोपा मार्ग त्याच्यासमोर होता. त्याने तो मुद्दाम टाळला, कारण त्या क्रमांकावरून माणसाचा माग सगळ्या जालभर काढता आला असता. त्याऐवजी त्याने नियम केला की ज्या संकेतस्थळाने बिल्ला दिला त्यालाच तो परत दाखवायचा. दगडूशेठच्या बाहेरचा बिल्ला सिद्धिविनायकाला चालणार नाही. म्हणजे खाजगीपणाचा विचार पहिल्या दिवसापासून झाला होता. तरीही पुढे जे झालं ते झालं.

नेटस्केपच्या न्याहाळकाची पहिली चाचणी आवृत्ती १३ ऑक्टोबर १९९४ ला बाहेर पडली. बरोबर दोन आठवड्यांनी, २७ ऑक्टोबरला, हॉटवायर्ड या जालनियतकालिकावर जाहिरातींच्या आडव्या पट्ट्या झळकल्या. त्यातली एटी अँड टीची पट्टी आजही ‘पहिली बॅनर जाहिरात’ म्हणून दाखवतात. त्या वेळी या दोन घटनांचा एकमेकींशी संबंध जोडण्याचं काहीच कारण नव्हतं.

संबंध आला तो चित्रांमुळे. वेबपानावरचं चित्र त्याच सर्व्हरवरून यावं असा नियम नाही. पान एकाकडचं, चित्र दुसऱ्याकडचं, असं चालतं. जाहिरात कंपन्यांनी हेच केलं. वर्तमानपत्राचं पान उघडलं की जाहिरातीचं चित्र तिसऱ्याच सर्व्हरवरून येई आणि येताना आपला बिल्ला देऊन जाई. न्याहाळक त्या सर्व्हरला कोणत्या पानासाठी चित्र हवंय तेही सांगत असे. उद्या दुसऱ्या संकेतस्थळावर त्याच कंपनीची जाहिरात असली की तोच बिल्ला पुन्हा दाखवला जाई.

समजा, सगळ्या देवळांनी चपलांच्या स्टँडचं कंत्राट एकाच माणसाला दिलं. दगडूशेठच्या पुजाऱ्याला तुम्ही सिद्धिविनायकाला जाता हे माहीत नाही, सिद्धिविनायकाच्या पुजाऱ्याला दगडूशेठचं माहीत नाही. कंत्राटदाराला मात्र दोन्ही माहीत, शिवाय कुठल्या वारी, किती वाजता, तेसुद्धा. मॉन्टुलीचा नियम कोणी मोडला नव्हता. तो पाळूनच त्याच्या शेजारून वाट काढली होती. १९९६ मध्ये सुरू झालेली डबलक्लिक ही यातली सर्वात मोठी कंत्राटदार.

(आपल्यातल्या जुन्या ब्लॉगकरांना आठवेल, कडेच्या पट्टीत मोफत हिट काउंटर लावायची केवढी हौस होती! आज ह्यूस्टनहून एक, दुबईहून दोन वाचक... ते आकडेही तिसऱ्याच सर्व्हरवरून येत.)

ही कुकी वर्षभर लोकांच्या संगणकांत पडून होती आणि बहुतेकांना तिचा पत्ता नव्हता. १२ फेब्रुवारी १९९६ ला लंडनच्या फायनान्शियल टाइम्सने तिच्यावर लेख छापला आणि बोभाटा झाला. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनसमोर १९९६ आणि १९९७ मध्ये चर्चा झाल्या. दरम्यान, इंटरनेटचे तांत्रिक नियम ठरवणाऱ्या आयईटीएफ या मंडळात कुकीचं प्रमाण लिहिण्याचं काम सुरू होतं. लिहिणारे होते बेल लॅब्जचे डेव्हिड क्रिस्टल आणि स्वतः मॉन्टुली. हा दस्तऐवज, आरएफसी २१०९, फेब्रुवारी १९९७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात तिसऱ्याच्या कुकीबद्दल स्पष्ट लिहिलं होतं, की न्याहाळकाने ती चालू देऊ नये. वापरणाऱ्याला सूट देणारा पर्याय ठेवायचा तर ठेवा, पण तो मुळात बंद असला पाहिजे.

माझ्या मते या सगळ्या इतिहासात ही एक ओळ सर्वात महत्त्वाची आहे. कारण ती पाळली गेली नाही.

जाहिरातवाल्यांनी विरोध केला. आयईटीएफची प्रमाणं ऐच्छिक, न पाळल्यास दंड नाही. नेटस्केपने नंतर तिसऱ्याची कुकी नाकारायचा पर्याय दिला खरा, पण मुळात सगळं चालू ठेवलं. मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेट एक्सप्लोररनेही तेच केलं. मॉन्टुलीने यामागचा विचार पुढे स्वतः मांडला आहे. ही वाट बंद केली तर जाहिरातवाले दुसरी, न दिसणारी वाट काढतील. कुकी निदान वापरणाऱ्याला दिसते, पुसता येते. हा युक्तिवाद अगदीच पोकळ नव्हता. २०१० मध्ये ईएफएफ या संस्थेने दाखवलं, की फॉन्ट, प्लगइन, पडद्याचा आकार अशा तपशिलांवरूनच चाचणीला आलेल्या दहापैकी आठांहून अधिक न्याहाळक वेगळे ओळखता येतात. तिथे कुकी लागतच नाही.

पण त्याचा युक्तिवाद मान्य केला तरी एक गोष्ट उरतेच. सेटिंगच्या पानावर जाऊन खूण काढणारे किती? तुमच्या घरात किती आहेत, मोजा. ‘डिफॉल्ट’ म्हणजे आपल्याला न विचारता आपल्या वतीने आधीच दिलेलं उत्तर. ते ‘नाही’ असतं तर जाहिरातवाल्यांना आपल्या दारात येऊन परवानगी मागावी लागली असती. ते ‘हो’ झाल्यामुळे नकार द्यायला जायची जबाबदारी आपल्यावर आली.

बिल्ल्यावर नाव नसतं ना, मग काय झालं? हाही प्रश्न लवकरच निकालात निघाला. १९९९ मध्ये डबलक्लिकने अ‍ॅबॅकस डायरेक्ट ही कंपनी घेतली. तिच्याकडे कॅटलॉगवरून टपालाने खरेदी करणाऱ्या कोट्यवधी अमेरिकन कुटुंबांच्या नाव-पत्त्यासह नोंदी होत्या. बिल्ल्याचा क्रमांक आणि नाव-पत्ता जोडायचा बेत होता. फेब्रुवारी २००० मध्ये एपिक या नागरी संस्थेने ट्रेड कमिशनकडे तक्रार केली, गदारोळ झाला आणि मार्चच्या सुरुवातीला कंपनीच्या प्रमुखांनी चूक कबूल करून बेत बाजूला ठेवला. कमिशनने जानेवारी २००१ मध्ये चौकशी बंद केली. पुढे गूगलने डबलक्लिक विकत घेतली. व्यवहार २००८ मध्ये पुरा झाला. आणि २०१६ मध्ये गूगलने आपल्या धोरणातून डबलक्लिकच्या नोंदी आणि व्यक्तीची ओळख वेगवेगळ्या ठेवण्याचं आश्वासन काढून टाकलं. जुन्या खातेदारांना संमती विचारली, नव्या खात्यांत ती मुळातच चालू ठेवली. पुन्हा डिफॉल्ट!

नुसत्या क्रमांकावरून माणूस सापडतो, हे तर २००६ मध्येच दिसलं होतं. एओएलने संशोधकांसाठी साडेसहा लाख लोकांचे तीन महिन्यांतले शोध नावं काढून, फक्त क्रमांक ठेवून प्रसिद्ध केले. न्यूयॉर्क टाइम्सच्या वार्ताहरांनी त्यातल्या एका क्रमांकामागची बासष्ट वर्षांची बाई केवळ तिच्या शोधांवरून हुडकून काढली. आपण शोधतो काय? दुखणी, औषधं, आडनाव, गावातला सुतार. तेवढं पुरतं.

डिफॉल्टची सर्वात बोलकी कथा २०१२ ची. आपल्याकडे नको असलेल्या फोनसाठी ट्रायची नोंदवही २००७ मध्ये सुरू झाली होती. तसंच काहीतरी न्याहाळकासाठी असावं म्हणून ‘डू नॉट ट्रॅक’ नावाचा संदेश तयार झाला. न्याहाळक प्रत्येक संकेतस्थळाला सांगणार, ‘माझा माग काढू नका.’ मायक्रोसॉफ्टने इंटरनेट एक्सप्लोरर १० मध्ये हा संदेश मुळातच चालू ठेवायचं ठरवलं. यावर जाहिरात संघटनांचं म्हणणं काय, तर हा काही वापरणाऱ्याने स्वतः केलेला निर्णय नाही, तेव्हा आम्ही तो मानणार नाही. वा रे वा! माग काढायला आमची संमती डिफॉल्टने चालते आणि नकार द्यायचा तर तो आम्ही स्वतःच्या बोटाने दिलेला हवा. ते प्रमाण पुढे बासनात गेलं.

उलटही घडून दिसलं. एप्रिल २०२१ मध्ये अ‍ॅपलने आयफोनवर नियम केला, की दुसऱ्यांच्या अ‍ॅपमधून माग काढायचा तर आधी विचारा. फक्त विचारायचं होतं. तरी त्यामुळे २०२२ मध्ये आपलं उत्पन्न सुमारे दहा अब्ज डॉलरने घटेल, असा अंदाज फेसबुकच्या मूळ कंपनीने जाहीर केला. विचारल्यावर लोक ‘नको’ म्हणतात, याला आणखी पुरावा कशाला?

युरोपने कायद्याने संमती सक्तीची केली, त्यातून त्या दारातल्या पाट्या जन्मल्या. कुठे ‘हो’ची खूण आधीच केलेली असे. १ ऑक्टोबर २०१९ ला युरोपीय न्यायालयाने प्लॅनेट-४९ खटल्यात सांगितलं, की आधीच केलेली खूण म्हणजे संमती नव्हे. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ ला खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. २०२३ च्या विदा संरक्षण कायद्यातही संमती मुक्त, नेमकी आणि स्पष्ट कृतीतून दिलेली असावी असं म्हटलं आहे. १९९७ च्या त्या ओळीपर्यंत पोचायला न्यायालयांना आणि संसदांना अशी वीस-पंचवीस वर्षं लागली.

न्याहाळकांचं म्हणाल, तर सफारीने आणि २०१९ पासून फायरफॉक्सने तिसऱ्याची माग काढणारी कुकी मुळातच अडवली आहे. गूगलने क्रोममधून ती दोन वर्षांत हद्दपार करू असं जानेवारी २०२० मध्ये सांगितलं, मुदत पुन्हा पुन्हा वाढवली, जुलै २०२४ मध्ये बेत सोडला आणि एप्रिल २०२५ मध्ये वापरणाऱ्यांना वेगळं विचारणारही नाही असं कळवलं.

तेव्हा क्रोम वापरणाऱ्यांनी सेटिंग्जमधल्या प्रायव्हसीच्या पानावर जाऊन तिसऱ्याच्या, म्हणजे ‘थर्ड पार्टी’ कुकीज बंद कराव्यात. बहुतेक संकेतस्थळं त्यांच्याशिवाय नीट चालतात. खाजगी खिडकीवर (इन्कॉग्निटो म्हणतात ती) फार विसंबू नका. ती तुमच्या संगणकावर इतिहास ठेवत नाही, पण समोरच्याला तुम्ही दिसताच. त्यावरून अमेरिकेत खटला झाला आणि २०२४ मध्ये गूगलने तडजोडीत अशा नोंदी पुसायचं मान्य केलं. आणि पाटीवर ‘सर्व नाकारा’ असं बटण असेल तर ते दाबा. अळूवडी तरीही वाचायला मिळते.

आई-बाबांच्या, काका-काकूंच्या फोनमध्येही हे एकदा करून द्या. त्यांच्या वतीने कोणीतरी आधीच ‘हो’ म्हणून ठेवलंय आणि ते बदलता येतं, हेच अनेकांना कोणी सांगितलेलं नसतं. करताना कुठे अडलात तर प्रतिसादात विचारा, जमेल तसं सांगेन.