घाशीराम आणि पुण्याचा जमाव
पेशवाईच्या उत्तरार्धात पुण्याची कोतवाली म्हणजे केवळ चोर धरण्याचे काम नव्हते. रात्रीची तोफ झाल्यावर रस्त्यात सापडलेल्यास चावडीत अडकवून ठेवणे, परगावाहून येणाऱ्याजाणाऱ्यांची नोंद राखणे, बाजारातील वजनेमापे तपासणे, अशी नागरी जीवनाची कितीतरी सूत्रे त्या एका दफ्तरात गुंतलेली असत. १७७७ साली ही कोतवाली औरंगाबादेकडून आलेल्या घाशीराम सावळदास या उत्तर हिंदुस्थानी ब्राह्मणाच्या हाती गेली आणि नाना फडणिसांच्या आश्रयाखाली त्याने ती चौदा वर्षे चालविली. १७९१ च्या ऑगस्टअखेर दक्षिणेसाठी पुण्यात आलेल्या काही तेलंगी ब्राह्मणांनी त्याच्या बागेतील फळे तोडली, म्हणून त्यांना एका कोंदट खोलीत डांबण्यात आले आणि सकाळपर्यंत त्यांतील एकवीसजण गुदमरून मेले. क्षुब्ध जमावाने नानांच्या वाड्याला वेढा घातला, अखेर कोतवाल जमावाच्या स्वाधीन करण्यात आला, आणि ३१ ऑगस्टला त्याला दगडांनी ठेचून ठार मारण्यात आले.

या कथेला विजय तेंडुलकरांनी रंगभूमीवर आणले, तेव्हा आपण इतिहास लिहीत नाही असे त्यांनी स्पष्टच सांगितले होते. तरीही १६ डिसेंबर १९७२ रोजी भरत नाट्य मंदिरात ‘घाशीराम कोतवाल’ उभे राहिल्यावर नानांची आणि ब्राह्मणांची बदनामी झाली असा आक्षेप उठला. एकोणीस प्रयोगांनंतर ते सादर करणाऱ्या संस्थेनेच ते थांबविले, आणि जब्बार पटेलांसह बाहेर पडलेल्या कलावंतांना त्यासाठी थिएटर अकॅडमी स्थापन करावी लागली. वाद नानांच्या चारित्र्याभोवती फिरत राहिला. नाटकाचा खरा विषय असलेला जमाव मात्र त्या गदारोळात दुर्लक्षित राहिला, याची मला आजही खंत वाटते.

जमावाच्याच विषयावरील आर्थर मिलरच्या १९५३ च्या ‘द क्रूसिबल’ या नाटकात सेलम गावाचा चेटूकविरोधी उन्माद निरपराध्यांना फासावर चढवितो, म्हणून आरोप करणाऱ्यांच्या मनातील भीती, द्वेष आणि जमिनीचा लोभ आपल्याला चटकन दिसतात. पुण्याची गोष्ट अधिक अवघड आहे, कारण येथे मारला गेलेला मनुष्य खरोखरच अपराधी होता, आणि अपराध्यावर तुटून पडणाऱ्यांच्या हेतूंची चौकशी सहसा कोणी करीत नाही. नाटकातील घाशीरामाला चोरीचा आळ घेऊन अपमानित केलेले असते. त्या सुडापोटी तो पोटची मुलगी नानांच्या हवाली करून कोतवाली मिळवितो. नानांना मुलगीही हवी असते आणि शहराचा रोष आपल्याऐवजी अंगावर घेणारा माणूसही. या दोघांचे मन उकलायला फार वेळ लागत नाही.

तिसरे पात्र म्हणजे मंचावर उभी असलेली ब्राह्मणांची रांग, नाटकातला जमाव. कृष्णदेव मुळगुंदांच्या नृत्यरचनेत आणि भास्कर चंदावरकरांच्या संगीतात डुलणारे ते धोतर-पगडीतले पुरुष क्षणात भिंत होतात, पाठ फिरवून नानांचे चाळे झाकतात आणि पुन्हा वळून भजनात रंगतात. रात्री परवान्याशिवाय फिरल्याबद्दल शेजारी पकडला जातो, चोरीचा संशय आलेल्या ब्राह्मणाला तापल्या लोखंडाचे दिव्य करावे लागते, तेव्हाही ही भिंत उभीच असते. अखेरीस ‘मारा’ म्हणून ओरडतात तेही हेच. मृतांविषयीचा शोक त्यांच्या आरोळीत नाही असे नव्हे. परंतु आपण इतका काळ पाहत राहिलो याची साक्ष देऊ शकणारा एकमेव मनुष्य नाहीसा व्हावा, ही निकड मला त्या शोकाहून प्रबळ वाटते. नाना तिला ओळखतात, मृत्यूच्या हुकुमावर शांतपणे सही करतात आणि मागाहून उत्सव फर्मावितात.

प्रत्यक्षातही जमावाने माणूस मागितला होता, व्यवस्था बदला अशी मागणी केली नव्हती. त्यामुळे घाशीरामानंतर दुसरा मनुष्य नेमला गेला, आणि १८१७ साली इंग्रजांनी शहर ताब्यात घेईपर्यंत पुण्याचा कारभार कोतवालाच्या चावडीतूनच चालू राहिला.